ब्रॉनीच्या वाटणीचा फोटो

मित्रांनो, माझ्या पोटात शिरताना बहुतेक माणसं डोळे गच्च मिटून घेतात. त्यामुळे मी त्यांना आतून चांगला ओळखतो, पण त्यांच्यातल्या फार थोड्यांनी मला धड पाहिलं आहे. माणसाच्या डोक्याच्या आतले फोटो काढणारा मी एक म्हातारा चुंबक. कागदोपत्री माझं नाव बरंच लांबलचक आहे, पण लोक नुसतं एमआरआय म्हणतात. सध्या माझा मुक्काम ब्रिस्बेनच्या बाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये आहे. अंगावर निळी ताडपत्री आहे, शेजारी चाकं निखळलेल्या खाटा आणि मोडक्या खुर्च्या आहेत. वारं सुटलं की ताडपत्री फडफडते, बाकी काही होत नाही. तुम्ही विचाराल, तुला वाईट वाटतं का? खरं सांगू, मला आता फारसं काही वाटत नाही. वाटणं बंद होतं म्हणजे काय होतं, ते मी एका मुलीच्या बाबतीत जवळून पाहिलं आहे. तिचीच गोष्ट सांगायची आहे. पण आधी थोडी माझी सांगतो, म्हणजे तिची नीट कळेल.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या माणसांनी माझ्या अंगात मैलच्या मैल बारीक तार गुंडाळली आणि पोटात द्रवरूप हीलियम भरलं. ते इतकं थंड असतं की त्याच्या शेजारी हवासुद्धा दगडासारखी घट्ट होईल. त्या थंडीमुळे माझ्या तारेतली वीज कधी थकत नसे आणि मी अष्टौप्रहर जागा असे. मग जहाजातून मला क्वीन्सलँडला आणलं. इस्पितळाच्या तळघराची एक भिंत पाडून क्रेननं मला आत सरकवलं आणि माझ्यामागे भिंत पुन्हा बांधून काढली. "या बाबाला आत घेताना आमच्या नाकीनऊ आले," असं मर्व पुढे कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे.

मर्व म्हणजे मला चालवणारा माणूस. काचेपलीकडे बसायचा, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि लांब मोजे घालून, आणि माझ्या पोटातल्या माणसाशी माइकवरून गप्पा मारत राहायचा. क्रिकेटचा धावफलक सांगायचा. आपल्या बागेतल्या आंब्यांवर वटवाघळांनी कसा डल्ला मारला, ते सांगायचा. कुणी फारच घाबरलेला असला तर म्हणायचा, "घाबरू नकोस दोस्ता. डोक्यात काही असेल तर दिसेल. नसेल तर तेही दिसेल."

माझ्याकडे आजारी माणसं कमी यायची. माझ्याकडे यायची जुळी. प्रू हॅलोरन नावाच्या एका बाईंना एका प्रश्नानं पछाडलं होतं. एका माणसाचा मेंदू मोठा आणि दुसऱ्याचा लहान, असं का असतं? त्यातलं आईबापांकडून किती येतं आणि नंतर किती घडतं? त्यासाठी त्यांना जुळी भावंडं हवी होती. काही जुळी एकाच बीजातून झालेली असतात. त्यांची जनुकं सारखी असतात, म्हणून चेहरेही सारखे. काही जुळी नुसती एका वेळी जन्मलेली असतात, एरवी साध्या भावंडांसारखी. आता हुबेहूब जुळ्यांचे मेंदू आकारानं एकमेकांच्या फार जवळ आले आणि साध्या जुळ्यांचे तेवढे आले नाहीत, तर त्याचा अर्थ काय? अर्थ हा, की मेंदूचा आकार बराचसा वारशानं येतो. कल्पना सोपी होती. त्यासाठी सगळ्या क्वीन्सलँडमधून जोड्या गोळा करणं मात्र सोपं नव्हतं.

पण जोड्या आल्या. पार आतल्या गुरांच्या कुरणांवरून भले मोठे टोप घातलेले दोन भाऊ आले होते. कुणाचा मेंदू मोठा, यावर त्यांची गाडीतच पैज लागली होती. धाकट्याचा मोठा निघाला तेव्हा त्यानं थोरल्याच्या पाठीत धपाटा घातला.

प्रू म्हणाल्या, "एवढं नाचू नकोस. टोप मोठा लागेल एवढंच. अक्कल मोठी असेलच असं नाही."

"हे मी आईला आधीच सांगत होतो," थोरला म्हणाला.

असे ते दिवस होते. माझं कौतुक होत होतं. दूरदूरच्या देशांतले लोक येऊन मला हात लावून बघायचे.

अशाच एका उन्हाळ्यात बंडाबर्गहून पीडरसन बहिणी आल्या. नरेल आणि ब्रॉनी. बापाचा ऊस होता. नरेल साखर कारखान्यात नोकरीला होती, ब्रॉनी गावातल्या बेकरीत पहाटे पाव भाजायची. दोघी रेल्वेनं आल्या होत्या आणि मर्वसाठी खोक्यातून लॅमिंग्टन केक घेऊन आल्या होत्या.

"नाव?" मर्वनं विचारलं.

"नरेल पीडरसन."

"जन्मतारीख?"

"हिला विचार. हिला स्वतःची पाठ आहे, माझी तीच आहे."

"मी थोडी उशिरा आले हं," ब्रॉनी म्हणाली. "हिनं सगळी जागा अडवली होती."

ब्रॉनीचं हसणं उचकीनं सुरू व्हायचं. आधी एक उचकी, मग खळखळून हसू. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण एरवी त्या दोघींत फरक सांगणं कठीण होतं. नरेलच्या नाकात खडा होता. ब्रॉनीला चष्मा होता आणि केसांत पितळी क्लिपा होत्या. पण माझ्या खोलीत धातू चालत नाही. खडा, चष्मा, क्लिपा सगळं काढून ताटलीत ठेवलं, दोघींनी इस्पितळाचे निळे गाऊन घातले, आणि एकीच्या जागी दुसरी सहज खपली असती. ओळख म्हणून गाऊनवर नावाची चिकटपट्टी, एवढंच.

आधी नरेल आली आणि शिट्टी वाजवत माझ्या सरकत्या पाटावर आडवी झाली. मर्वनं तिला दोनदा दटावलं तेव्हा शिट्टी थांबली. मी ठकठक करत फोटो काढला. चांगला निघाला.

मग ब्रॉनी आली. डोक्यावर फोटोसाठीचा पिंजरा लावेपर्यंत ठीक होती. पाट आत सरकायला लागला आणि तिचा श्वास आखूड झाला. लहानपणी लपाछपी खेळताना ती पावसाच्या पाण्याच्या रिकाम्या टाकीत उतरली होती आणि वरचं झाकण बसलं होतं. संध्याकाळपर्यंत कुणाला ती सापडली नव्हती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं, की भीती वाटली तर दाबायला हातात दिलेला रबरी फुगा तिनं इतक्या जोरात दाबला की काचेपलीकडची घंटा थांबेचना.

मर्वनं तिला लगेच बाहेर घेतलं. "काही हरकत नाही पोरी. घरी गेलीस तरी कुणी रागावणार नाही."

प्रू रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला. जोडीतली एकच मिळाली तर ती हिशेबात धरता येत नसे. नरेलनं त्यांच्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "पाच मिनिटं द्या," ती म्हणाली. "मी समजावते तिला."

कपडे बदलायची जागा माझ्या दाराशीच होती, नुसता पडदा होता. मला सगळं ऐकू येत होतं.

"नको गं नरेल. मला ती टाकीच आठवते."

"मग नको जाऊस."

"पण त्या बाईंचं काम अडेल. एवढ्या लांबून आलोय आपण."

"काही अडत नाही. तुझी चिकटपट्टी दे इकडे."

"वेडी आहेस का तू?"

"अगं, त्याच म्हणाल्या ना, एकाच साच्यातून काढलेल्या आहेत म्हणून? मग एकीचाच दोनदा काढला तर काय बिघडलं? आपल्यात लपवण्यासारखं आहेच काय?"

एक उचकी ऐकू आली. मग हसू. मग पडद्याआडून नरेल बाहेर आली, बावरल्यासारखा चेहरा करून, छातीवर ब्रॉनीच्या नावाची पट्टी लावून. मर्व म्हणाला, "शाबास, ब्रॉनी." आणि पाट आत सरकला.

मित्रांनो, मला ते त्याच क्षणी कळलं. मेंदूचा आकार वारशानं येत असेल, पण त्याच्यावरच्या घड्या ज्याच्या त्याच्या असतात. हुबेहूब जुळ्यांच्यासुद्धा तंतोतंत जुळत नाहीत. मी आत्ताच पाहिलेल्या घड्या पुन्हा पाहत होतो. ही नरेल होती. मी ठकठक केली, कारण मला तेवढंच करता येतं. मर्वला ती रोजचीच ठकठक वाटली.

दुसऱ्या आठवड्यात प्रू नाचतच काचेपलीकडे आल्या. "मर्व, पीडरसन जोडी बघितलीस? थेंबाचासुद्धा फरक नाही!" दुसरीकडे कुठे दोन फोटो इतके सारखे आले असते, तर कुणीतरी विचारलं असतं, की बाबांनो, एकच फोटो दोनदा तर नाही ना आला? पण इथे सगळे सारखेपणाचीच वाट पाहत बसलेले. सारखेपणा आला की चहा पाजायचे. घड्या कुणी लावून पाहिल्याच नाहीत. संगणकानं आकार मोजला आणि प्रूनी आकडा पाहिला. नियमाप्रमाणे एका तज्ज्ञानं दोन्ही फोटो नजरेखालून घातले आणि दोन्ही मेंदू निरोगी आहेत, असं सांगितलं. दोन्ही निरोगी होतेच. दोन्ही नरेलचे होते.

वर्षं गेली. प्रू जिथे जातील तिथे बंडाबर्गच्या त्या दोघींचा दाखला देत. माझे फोटो जगभरच्या फोटोंमध्ये मिसळले. हजारो लोकांचे मेंदू आणि हजारो लोकांची जनुकं एकत्र ताडून पाहिली गेली. तेव्हा कळलं, की मेंदू मोठा करणारं असं एकच जनुक नाही. जनुकांमध्ये कितीतरी जागा आहेत, आणि एकेका जागेचा परिणाम फार तर चमचा-दोन चमचे. काहींचा तर चिमूटभरही नाही. सगळ्यांची चिमूट चिमूट जमून माणसाचा मेंदू आकाराला येतो. प्रूना केवढा आनंद झाला होता! मर्वला त्या म्हणाल्या, "तुझ्या आईनं चिमूट टाकली, बापानं चिमूट टाकली, म्हणून तू असा झालास." मर्व म्हणाला, "बापानं जरा हात आखडता घेतला."

मी म्हातारा होत चाललो होतो. माझ्याहून रुंद तोंडाची नवी यंत्रं आली होती. पण प्रूना जुन्या जोड्यांचे पुन्हा फोटो हवे होते, वयाबरोबर काय बदलतं ते पाहायला, आणि तेही त्याच यंत्रावर. म्हणून पीडरसन बहिणींना पुन्हा बोलावणं गेलं.

या वेळी केकचं खोकं नव्हतं. ब्रॉनी बारीक झाली होती, कपाळ दाबून बसली होती.

"आज लॅमिंग्टन नाहीत वाटतं?" मर्वनं चेष्टेनं विचारलं.

"परवा भट्टी करपली माझ्याकडून," ब्रॉनी म्हणाली. "धूर झाला, शेजारचे लोक धावत आले. मी समोरच उभी होते. मला वासच आला नाही."

"सर्दी असेल."

"वर्षभर?"

मर्व काचेपलीकडे गेला तसा नरेलनं तिचा दंड धरला. "वर्षभर? मला फक्त डोकं दुखतंय म्हणालीस. डॉक्टरांना दाखवलंस ना?"

"दाखवलं की. ते म्हणाले, तुझ्या डोक्याचा फोटो तर ब्रिस्बेनला काढलाय, स्वच्छ आला होता. काळजीचं कारण नाही. गोळ्या घे, चष्मा बदलून बघ."

नरेलच्या तोंडावरचा रंग उडाला. "आणि तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? माझ्या बहिणीनं लबाडी केली म्हणून? तुझं नाव कशाला मध्ये आणू?"

"ब्रॉनी, आज तू आत जायचंस."

"तू जा ना. मागच्यासारखी."

"नाही."

"मी मरेन गं आत."

"नाही मरणार. मी तुझा पाय धरून उभी राहते. सोडणार नाही."

मर्वनं परवानगी दिली. नरेलनं नाकातला खडा काढला आणि पाटाच्या टोकाशी उभी राहिली. ब्रॉनी आत आली. तिच्या दातांचा आवाज मला माझ्या ठकठकीतूनही ऐकू येत होता. रडत होती, थरथरत होती, दोनदा फुगा दाबला आणि दोन्ही वेळा स्वतःच ओरडली, "चालू ठेव, चालू ठेव." बाहेर नरेल तिचा पाय दोन्ही हातांनी धरून बडबडत होती. बापाच्या ट्रॅक्टरबद्दल, शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल, ब्रॉनीच्या शाळेतल्या फजितीबद्दल. त्या दिवशी मी पहिल्यांदा ब्रॉनीचा मेंदू पाहिला. थरथरीमुळे फोटो जरा पुसट आला, पण जे दिसायचं ते दिसलं. डोळ्यांच्या वर, नाकाच्या मुळाशी, जिथून वासाचे धागे मेंदूत शिरतात तिथे, लिंबाएवढी गाठ होती. मेंदूचा पुढचा भाग तिनं दोन्ही बाजूंना दाबून धरला होता.

मर्व माइकवर मॅचचं सांगत होता. मध्येच बोलायचा थांबला.

दुपारी सगळे काचेपलीकडे जमले. दोघी बहिणी, प्रू, आणि वरच्या मजल्यावरून बोलावून आणलेले एक सर्जन. त्यांनी ब्रॉनीच्या नावाचा जुना फोटो आणि आजचा फोटो शेजारी शेजारी लावला. बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची ओढून ब्रॉनीसमोर बसले.

"मी सरळच बोलतो. मागच्या फोटोत इथे काही म्हणजे काही नाही. आणि आज एवढी गाठ. म्हणजे ही झपाट्यानं वाढणारी जात असावी. ती मुळापासून काढायला जाण्यात अर्थ नसतो. थोडी काढू, किरण देऊ. जेवढे दिवस बरे जातील तेवढे..."

"तो फोटो हिचा नाही," नरेल म्हणाली.

"काय?"

"तो माझा आहे. दोन्ही जुने फोटो माझेच आहेत. ही घाबरली होती, म्हणून मी दोनदा गेले."

मर्वनं डोक्यावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. प्रू उठल्या, दोन्ही जुने फोटो शेजारी आणले, आणि पहिल्यांदाच घड्या पाहिल्या. एकेक घडी बोटानं पाहत गेल्या. सगळ्या तंतोतंत जुळल्या, आणि बोट खाली आलं.

सर्जन मात्र पुढे सरकून बसले. "हे खरं असेल तर चित्रच बदललं. मग ही सावकाश वाढणारी असू शकते. तिच्या कडा पाहूनही मला तसं वाटत होतं, पण जुना फोटो आडवा येत होता. असं असेल तर मी पूर्ण काढायचा प्रयत्न करीन. बरं झालं बोललीस."

नरेलच्या जिवात जीव आला. पण तिनं पुढचा प्रश्न विचारलाच. "मग तेव्हा... तेव्हा होती ही?"

"बहुतेक होती. मसुराएवढी असेल. तेव्हा दिसली असती तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

तेव्हा ब्रॉनीच म्हणाली, "मसुरासाठी मी त्या बोगद्यात गेलेच नसते हो. लिंबाखेरीज मी हलत नाही." आणि तिला उचकी लागली, आणि ती हसली, आणि रडता रडता नरेलही हसली. ते हसणं मी शेवटचं ऐकलं.

शस्त्रक्रिया झाली. गाठ सावकाश वाढणारीच निघाली आणि पूर्ण निघाली. ब्रॉनी वाचली. नरेल त्या दिवशी गप्प राहिली असती तर वाचली नसती.

त्याच सुमारास एकदा सगळे गेल्यावर प्रू मर्वजवळ येऊन बसल्या. "काढली ती जोडी हिशेबातून."

"मग? सगळं नव्यानं करावं लागणार?"

"नाही. काहीच झालं नाही. आकडा होता तिथेच राहिला. एवढ्या जोड्या आहेत मर्व, एक असली काय, नसली काय." असं म्हणून त्या बराच वेळ समोरच्या काचेकडे पाहत बसल्या. त्या काचेत त्यांना मीच दिसत असेन. मला त्यांचं वाईट वाटलं. त्यांचं शास्त्र खोटं ठरलं असतं तर त्यांना कदाचित रडता तरी आलं असतं.

त्यानंतर गाठ पुन्हा येते का, हे पाहायला ब्रॉनी वर्षातून एकदा माझ्याकडे येऊ लागली. पहिल्या खेपेस ती घाबरणार, असं मी धरून चाललो होतो. पण ती आली, चष्मा ताटलीत ठेवला आणि सरळ आडवी झाली. पाट आत सरकला. श्वास एकसारखा चालू राहिला. फुगा तिच्या तळहातावर नुसता पडून होता.

गाठीनं इतकी वर्षं मेंदूचा पुढचा भाग दाबून ठेवला होता, त्यातला काही भाग परत उठलाच नाही. हवं-नकोपणा तिथे असतो, उमेद तिथे असते. वास तर परत आलाच नाही. जन्मतः त्या दोघींचे मेंदू आकारानं सारखे होते, जनुकांनी दोघींना सारखंच माप दिलं होतं. आता मी दोघींचे फोटो काढले तर शेंबड्या पोरालाही फरक सांगता आला असता.

"जेवायला काय घ्यायचं?" नरेल तिला विचारायची.

"काहीही."

"मासे घेऊ? की तुला आवडतं ते..."

"काहीही चालेल."

"अगं, निदान नको तरी म्हण."

"नको."

"नको म्हणजे काय नको?"

"तू म्हणालीस म्हणून म्हटलं."

नरेल तिला चिडवायची, जुन्या फजित्या काढायची, टाकीचासुद्धा विषय काढायची. ब्रॉनी शांतपणे ऐकून घ्यायची. टाकीची गोष्ट तिला सगळी आठवत होती. झाकणाचा आवाज, पायाखालचा गाळ, सगळं. "तेव्हा मी खूप घाबरले होते," असं ती सांगायची, जसं आपण दुसऱ्या कुणाबद्दल सांगतो तसं.

मग मला काढून टाकायचं ठरलं. नवं यंत्र बंदरात येऊन पडलं होतं. शेवटच्या दिवशी माझ्याकडे एकच माणूस होतं, ते म्हणजे ब्रॉनी. मर्व निवृत्त झाला होता, पण त्या दिवसासाठी मुद्दाम आला, त्याच लांब मोज्यांत.

"भीती वाटली तर फुगा दाब हं, पोरी," तो सवयीनं म्हणाला.

"कशाला वाटेल?"

नरेल पाटाच्या टोकाशी उभी होती. "ब्रॉनी, पाय धरू?"

"धर हवा तर. मला काही फरक पडत नाही."

नरेलनं पाय धरला. शेवटपर्यंत सोडला नाही. ती काही बडबडली नाही. मी ठकठक करत होतो आणि आत ब्रॉनी छताकडे डोळे उघडे ठेवून पडली होती. माझ्या पोटात डोळे उघडे ठेवून पडणारं माणूस मला फार क्वचित भेटलं. फोटो बाहेर आला तेव्हा मर्व संगणकाच्या पडद्याजवळ वाकला आणि सवयीनं बोलून गेला, "वा! जरासुद्धा हललेली नाही. इतका स्वच्छ फोटो या यंत्रानं आजवर काढला नसेल." मग त्याला कळलं, आपण काय बोललो ते. त्यानं माइक बंद केला.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला फोटो. गाठ कुठेही नव्हती. नरेल पाय धरून तशीच उभी होती, पाट बाहेर आला तरी. "झालं," ब्रॉनी तिला म्हणाली. "सोड आता."

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं येतील नि जातील. आमच्यावर धूळ बसू देऊ नका, एवढीच आमची मागणी असते, आणि तीही तुम्ही विसरलात तरी चालेल. पण तुमचं एखादं माणूस घाबरलं, तर प्रेमापोटी त्याच्या जागी तुम्ही जाऊन झोपू नका. त्याची पाळी त्याला घेऊ द्या. बाहेर उभे राहा, त्याचा पाय घट्ट धरा, तोंडाला येईल ते बोलत राहा. ते रडेल, थरथरेल, तुमच्यावर चिडेल. चिडू द्या. त्याला अजून भीती वाटते आहे ना, मग तुम्हाला अजून उशीर झालेला नाही.